दारावरचा मोखा

"खोली तूच बंद करून दे, हमीदभाय," यूसुफ म्हणाला. "तुझ्यासारखी बंद करणारा फहाहीलात दुसरा नाय."

हमीद फळीवर रंधा मारत होता. रंधा अर्ध्या फळीवर थांबला. एवढंच झालं. मग त्याने रंधा उलटा केला, पात्यात अडकलेली ढलपी अंगठ्याने काढली, फुंकर मारली आणि पुन्हा चालवायला घेतला. यूसुफला काही दिसलं नाही. तो दुकानाच्या चौकटीला टेकून बोलतच होता. त्याची बायको बिल्कीस पहिल्यांदाच येत होती. मुंबईहून बोट निघाली की आठवड्याभरात कुवेतच्या धक्क्याला लागणार. यूसुफ तेल कंपनीत पाळीने काम करी आणि कंपनीच्या कोठीत आठ जणांबरोबर राही, तिथे बाईमाणसाला आणायची सोय नव्हती. हमीदच्या घरातली मोठी खोली मात्र नऊ महिने कुलपात होती. ती देशील का, असं यूसुफने विचारलं तेव्हा हमीद घे म्हणाला होता, कुणी हातोडा मागावा आणि द्यावा तसा. त्याला त्यात देण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पण खोली थंडीआधी बंद करून द्यायची, म्हणजे फटी-भोकं बुजवून, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. आता नोव्हेंबर लागला होता, गच्चीवर झोपणारे लोक खाटा खाली आणायला लागले होते, आणि यूसुफ म्हणत होता ते अगदी बरोबर होतं. खोली बंद करायलाच हवी. "करतो," हमीद म्हणाला.

हमीद दाभोळचा. त्याचा बाप खाडीच्या काठाला होड्यांच्या फटी भरायचं काम करी. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस बोथट पटाशीने ठोकून ठोकून बसवायचा, वर चुना आणि तेल कालवून त्याचा लेप द्यायचा. सगळी होडी झाली की बाप आत उकिडवा बसून बोटाच्या टोकाने एकेक फट चाचपून बघे. एक भोक राहिलं तर बाकीचं सगळं काम फुकट, असं तो म्हणे, आणि म्हणताना हमीदकडे न बघता होडीकडे बघे. ते काम हमीदच्या हातात उतरलं. एकावन्न साली तो कुवेतला आला तोही होड्यांच्या कामावर. मग होड्या कमी झाल्या, लोखंडाची जहाजं वाढली, आणि तो तिथल्याच फहाहील गावी, बाजाराजवळ एका सुताराच्या दुकानात दारं-खिडक्या करायला लागला. पण हिवाळा जवळ आला की ओळखीतले कोकणी लोक त्याला बोलावत. इथला हिवाळा दोन-अडीच महिन्यांचाच असतो, पण वाळवंटावरून उत्तरेचा वारा सुटला की तो हाडात शिरतो, आणि येताना वाळू घेऊन येतो. सकाळी अंथरुणावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी. हमीद लोकांच्या खिडक्यांच्या फटी कापसाने भरून देई, दाराच्या कडेला गोणपाटाची पट्टी ठोकून देई. एवढंच. संपूर्ण खोली, भिंतीत शेवटचं भोक राहीपर्यंत आणि मग तेही बुजवून, अशी त्याने एकच बंद केली होती. ती स्वतःची. लोक बघायला आले होते. यूसुफने आत उभं राहून दार लावून घेतलं होतं आणि आतून ओरडला होता की आता वारा विचारून आत येईल. नूरी, हमीदची बायको, ओट्याजवळ उभी राहून हसली होती. कौतुक तिला आवडे, ते हमीदचं असलं तरी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, जुम्मा होता, दुकान बंद होतं. हमीदने कुलूप काढलं. कुलूप वाळूने घट्ट झालं होतं, तेल सोडावं लागलं. दार उघडताना त्याने एक फळी चुकवून हात लावला. दाराच्या सहा फळ्यांपैकी ती एक पिवळट, नवी होती. बाकीच्या उन्हाने काळवंडल्या होत्या. आत काहीच वास नव्हता. तेव्हाही नव्हता. तो काही वेळ उंबऱ्यात उभा राहिला, मग आत जाऊन कामाला लागला, कारण उभं राहून करण्यासारखं काही नव्हतं. कोपऱ्यात शेगडी होती, तिच्यात राख तशीच. ती त्याने उचलून अंगणात नेली आणि राख भिंतीबाहेर टाकली. राख वाऱ्याने त्याच्याच अंगावर आली, ती त्याने झटकली. गच्चीवरची खाट त्याने खाली आणली, तिचा एक पाय ढिला झाला होता तो ठोकला. घरमालक अबू अब्बासने गच्चीला ताजा चिखल लावून घेतला होता, दर वर्षीसारखा. चिखलात भुसा मिसळतात, तो ओला असेपर्यंत गोठ्यासारखा वास येतो. इथली छपरं तशीच असतात. खाली वाशे, वाशांवर चटया, चटयांवर हातभर माती. पाऊस वर्षातून चार वेळा येतो, पण आला की माती नसलेली जागा बरोबर शोधून काढतो. हमीदने लाकडी पेटीतून दोन रजया काढल्या आणि दोरीवर टाकल्या. एक नूरीने आणलेली होती, तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, तिला ती रजईच म्हणे. ती उलटी टाकावी की सुलटी, हे ठरवायला त्याला वेळ लागला. मग त्याने ती पुन्हा पेटीत ठेवली आणि बाजारातून एक नवी यूसुफसाठी आणायची असं ठरवलं.

खिडकीच्या फटी चांगल्या होत्या. कापूस वाळला होता, पण सुटला नव्हता. त्याने बोटाने एकेक चाचपली. दाराच्या कडेचं गोणपाट तेवढं नवीन फळीजवळ फाटलं होतं. तिथे नवीन पट्टी लावायला तो खाली बसला, आणि बसल्या बसल्या त्याने मान वर केली. दाराच्या वर, चौकटीपासून हातभर अंतरावर, मूठ जाईल एवढा मोखा होता. भिंत बांधतानाच ठेवलेला. इथल्या सगळ्या जुन्या घरांत तो असतो. तिथे आता चुन्याचा गोल पांढरा डाग होता, सपाट, भिंतीच्या पातळीत. काम फार सुंदर झालं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्याने तारीफ केली असती.

तेवढं एक राहू दे, असं नूरी म्हणाली होती. सकाळी त्यातनं ऊन येतं. समोरच्या भिंतीवर ठिपका पडतो, तो सरकत सरकत खुंटीवर आला की मला कळतं चहा ठेवायची वेळ झाली. दाभोळला असं कौलातनं ऊन यायचं. हमीद स्टुलावर उभा होता, तेलकट कापूस एका हातात, पटाशी दुसऱ्या. घड्याळ आणून देतो, असं तो म्हणाला. घड्याळ आणायचं राहून गेलं. जानेवारीचा दुसरा आठवडा होता, वारा तीन दिवस थांबला नव्हता, आणि त्याला दोन दिवसांसाठी एका कॅम्पवर दारं बसवायला जायचं होतं. म्हणून तो घाईत होता. त्याने कापूस ठोकला, चुना लावला, हात पुसला. आता तुला थंडी वाजणार नाही, असं काहीतरी बोलला असेल. काय बोलला ते आठवत नाही. नूरीला रॉकेलच्या स्टोव्हचा वास सोसत नसे, ओकारी येई, म्हणून ती रात्री कोळशाची शेगडी आत घेई. हे त्याला माहीत होतं. चार हिवाळे ती घेत होती. कोकणातली बाई निखारा घरात घेते यात काय आहे? तिथे चूल घरातच असते, धूर कौलांच्या फटींतून वर निघून जातो, संध्याकाळी सगळ्या गावाच्या छपरांतून धूर निघताना दिसतो. आणि होडी कितीही बंद केली तरी वरून उघडी असते. बापाने हे कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. होडीला छप्पर असतं असं कुणाला वाटणार?

शुक्रवारी सकाळी तो परत आला तेव्हा दाराला आतून कडी होती. कडी लाव, असं त्यानेच बजावलं होतं. दोनदा हाक मारून झाल्यावर त्याने पटाशी घालून स्वतःच बसवलेली फळी फोडली. ती सहज निघाली नाही, काम पक्कं होतं. नूरी खाटेवर कुशीला झोपली होती, गोधडी खांद्यापर्यंत. गाल लाल होते. इतके लाल त्याने कधी पाहिले नव्हते, लग्नातसुद्धा नाही. क्षणभर त्याला वाटलं तिला ताप आहे, आणि ताप असेल तर डॉक्टर आणता येईल, आणि तो तसाच बाहेर धावला. नंतर तो खोलीत बराच वेळ उभा राहिला तेव्हा त्याचंही डोकं जड झालं, कानशिलं ठणकली. दुःखाने असेल असं त्याला वाटलं. लोक जमले. डॉक्टर आला, त्याने छाती तपासली, हृदय बंद पडलं असं लिहून दिलं आणि गेला. अंगणात पुरुष बसले होते, त्यांतला कुणीतरी म्हणाला की थंडी छातीत बसली असेल बिचारीच्या, तीन दिवस वारा काय साधा होता? सगळ्यांनी हमीदकडे पाहिलं. हमीदने मान हलवली. तेवढंच. त्यानंतर नूरी थंडीने गेली हे ठरलं. मयताला आंघोळ, गुसल द्यायला आलेल्या बायकांनी बाहेर येऊन सांगितलं की चेहरा कसा होता, लाली कशी होती, जणू झोपेत हसते आहे, असं नशीब कुणाला मिळतं. ते दाभोळपर्यंत गेलं. नूरीची आई ही हमीदची सख्खी मावशी, त्याची खाला. तिला वाचता येत नाही, मदरशातला मुन्शी तिची पत्रं लिहितो आणि वाचून दाखवतो. तिचं पत्र आलं त्यात इतकंच होतं की बाबा, माझ्या मुलीच्या गालांवर लाली होती असं ऐकलं, अल्लाने तिला आरामात नेलं, आता मी रडत नाही, तूही रडू नकोस. हमीद तसाही रडत नव्हता.

पुढे तीन-चार आठवड्यांनी दुकानात चहा पिताना मुकादमाने एक हकिगत सांगितली. सुलैबियाच्या रस्त्यावर एका लाकडी केबिनमध्ये दोन चौकीदार मेले. निखारे आत घेऊन दार-खिडकी घट्ट लावून झोपले होते. मुकादम म्हणाला, सकाळी बघतात तर तोंडं लालबुंद, ताज्या टोमॅटोसारखी. कोळशाचा धूर दिसत नाही, वास येत नाही, माणूस झोपतो तो झोपतोच. सगळे चुकचुकले. हमीदने चहा संपवला, पेला धुऊन जागेवर ठेवला, आणि त्या दिवशी जेवढी चौकट करायची होती तेवढी केली. घरी आल्यावर त्याने मोठ्या खोलीला कुलूप लावलं आणि फाटकाजवळच्या लहान खोलीत खाट टाकली. उरलेला हिवाळा त्याने नुसत्या सदऱ्यावर काढला. लोक म्हणत कोट घाल, छातीत बसेल. त्याला थंडी वाजत नव्हती. हात पाण्यात घातला तरी पाणी ऊन आहे की गार हे लगेच कळत नसे. एकदा दुकानात सरसाचं उकळतं भांडं त्याने नुसत्या हातांनी उचललं आणि दुसऱ्याने ओरडल्यावर खाली ठेवलं.

आता त्याने स्टूल आणलं. पटाशी लावली. आपलंच काम काढायला अर्धा तास लागला. चुना कपचे कपचे निघाला, मग काळा पडलेला कापूस, दाबून दाबून भरलेला, निघतोय निघतोय आणि संपत नाही असा. शेवटचा बोळा निघाला तसा वाऱ्याचा झोत त्याच्या तोंडावर आला आणि डोळ्यांत वाळू गेली. तो खाली उतरला. मागे वळला तर समोरच्या भिंतीवर उन्हाचा ठिपका होता. खुंटीच्या बराच पलीकडे. म्हणजे उशीर झाला होता, जुम्म्याच्या नमाजाची वेळ जवळ आली होती. त्याने कापूस गोळा केला, खोली झाडली, आणि मशिदीत गेला.

बिल्कीस आली ती बोटीने हडबडलेली, दोन दिवस तिला जमीन हलते आहे असंच वाटत होतं. बावीस-तेवीस वर्षांची, हर्णैची, बारीक आणि बोलकी. तिने दोन दिवसांत घर आपलं केलं. अंगणात दोरी सरकवली, चूल वाऱ्याच्या आड घेतली, हमीदने नको म्हटलं तरी त्याची भाकरी ती थापू लागली. फाटकापासून तिला हाक मारून विचारायची सवय होती, हमीदभाय, भात ठेवू काय, हमीदभाय, इथे सुरमई मिळते तिला चव का नाय. यूसुफ सुट्टीवर गावी जाऊन आला तेव्हापासून तिला दिवस होते, हे त्याने बाजारात मासे घेताना, माशाकडे बघत सांगितलं. हमीदने चांगलं झालं म्हटलं. पिवळ्या फळीबद्दल तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सडली होती, असं यूसुफनेच सांगून टाकलं. आणि मोख्याकडे बोट दाखवून तो हसला. "म्हातारा झालास काय, हमीदभाय? एक भोक राह्यलं तुझ्या हातनं." हमीद म्हणाला, राहू दे. यूसुफ म्हणाला, का? हमीद म्हणाला, राहू दे ते, ऊन येतं. यूसुफला ते काही कळलं नाही, पण हमीदचं हल्ली बरंचसं कुणाला कळत नसे, आणि बायको मेलेल्या माणसाला कुणी जास्त विचारत नाही. हमीदला वाटलं, एवढं पुरे आहे. मोखा उघडा आहे, आपण याच घरात आहोत, रोज बघता येईल. बघायला तो लागलाही. सकाळी दुकानात जाताना मान वर, संध्याकाळी येताना मान वर. सांगायचं तर काय सांगायचं, असंही तो कधी कधी मनात जुळवून बघे. पण वाक्य सुरू झालं की त्यात मावशी येई, मदरशातला मुन्शी येई, अंगणात ऐकायला बसलेल्या दाभोळच्या बायका येत, यूसुफ येई. यूसुफने जनाज्याला पहिला खांदा दिला होता आणि सगळीकडे सांगत होता की माझा हमीदभाय बायकोसाठी किती करायचा. मग ते वाक्य तिथेच थांबे, रंध्यासारखं. मोखा उघडा आहे ना, मग झालं.

डिसेंबर अर्धा झाला तेव्हा वारा सुटला. दोन दिवस आभाळ वाळूच्या रंगाचं होतं. तिसऱ्या दिवशी यूसुफची रात्रपाळी लागली आणि तो चार वाजताच कंपनीच्या गाडीने गेला. हमीद संध्याकाळी मगरिबच्या अजानीला घरी आला. फाटक लोटून आत आल्यावर त्याने मान वर केली. मोख्यात कापड होतं. हिरव्या फुलांचं, घट्ट कोंबलेलं, त्याचं एक टोक लोंबत होतं. खाली अंगणात बिल्कीस उकिडवी बसून पुठ्ठ्याच्या तुकड्याने शेगडीला वारा घालत होती. नूरीचीच शेगडी. कोळसे कडेने लाल झाले होते, मध्ये अजून काळे होते.

हमीद वळला. आपल्या खोलीत जाऊन त्याने स्टूल आणलं, दारापाशी ठेवलं, वर चढला आणि कापड ओढून काढलं. बिल्कीस उठून उभी राहिली.

"ते काढू नका, हमीदभाय," ती म्हणाली. "सगळी रात वारा माज्या डोक्यावर येतो."

त्याने राहू दे म्हटलं. ती म्हणाली, काय राहू दे, तुमची खोली लहान आहे, तुम्हाला काय कळतंय. ती रागावली होती, आणि वडीलधाऱ्या माणसावर रागावलो म्हणून घाबरलीही होती, आणि दोन्ही मिळून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "याच खोलीत नूरीभाभी थंडीनं गेल्या," ती म्हणाली. "ह्यांनीच सांगितलं मना. मना रोज तेच येतं डोक्यात. माज्या पोटात जीव हाय. माजं काय व्हायला नको त्यांच्यावानी, म्हणून मी बुजवलं. तुमाला कसं सांगायचं ते? तुमची बायको ती."

हमीद स्टुलावर उभा होता. हातातलं कापड धुतलेलं होतं, त्याला साबणाचा वास होता. मोख्यातून वारा येत होता, तो त्याच्या मनगटाला लागत होता. त्याला एकदम साधी गोष्ट दिसली. ही बाई त्याच्याच शब्दाला घाबरून भोक बुजवत होती. शब्द म्हणजे शब्दही नव्हता, मान हलवली होती नुसती. ती मान अकरा महिन्यांपूर्वी अंगणात हलली आणि तिथून चालत चालत या कापडापर्यंत आली. आज त्याने काढलं, उद्या तो दुकानात गेला की ती पुन्हा कोंबेल. मोखा उघडा ठेवून भागणार नव्हतं.

"नूरी थंडीनं नाय गेली," तो म्हणाला.

बिल्कीस डोळे पुसता पुसता थांबली.

"ही खोली त्या रात्री गरम होती. अख्ख्या फहाहीलात एवढी गरम नसंल. हे भोक मी बुजवलं होतं. ती नको म्हणत होती. तिनं शेगडी आत घेतली. कोळशाचा धूर दिसत नाय. त्यानं ती गेली."

स्वतःचा आवाज त्याला दुकानात फळीचं माप सांगावं तसा वाटला. पुढचंही त्याने तसंच सांगितलं, फळी फोडली ते, गाल लाल होते ते, मुकादमाने काय सांगितलं ते. पुठ्ठा बिल्कीसच्या हातातच होता. तो बोलायचा थांबला तेव्हा तिने विचारलं की हे कुणाला माहीत आहे. कुणाला नाही, तो म्हणाला. "ह्यांना पण नाय?" नाही. "त्यांच्या अम्मीला?" नाही. मग खाली वाकून तिने पदराने शेगडीचे कान धरले, ती उचलली, अंगण ओलांडून पार फाटकापाशी नेऊन ठेवली आणि परत आली.

"माजा कपडा द्या," ती म्हणाली.

त्याने कापड खाली दिलं. तिने ते झटकलं, घडी घातली आणि काखेत धरलं. तिने त्याला धीर दिला नाही, दोषही दिला नाही. आत जाताना दारात थांबून एवढंच विचारलं, "भाभींना कळलं असंल काय?"

"नाय," हमीद म्हणाला. "झोप येते नुसती."

मग तो पटाशी आणि हातोडा घेऊन आला आणि उजेड होता तोवर मोख्याच्या कडा फोडत राहिला. माती सुकलेली होती, ढेकळं पडत होती, स्टुलाभोवती ढीग झाला. आता त्यात माणसाचं डोकं गेलं असतं. कुठलंही कापड त्यात राहिलं नसतं. बिल्कीस आतून दोन्ही रजया पांघरून बघत होती. तिने थांबा म्हटलं नाही. नंतर तिने त्याला भाकरी दिली ती नेहमीसारखी हाक मारून नाही, ताट दाराशी ठेवून.

सकाळी यूसुफ पाळीवरून आला, हातात डबा, डोळे तांबारलेले. भिंत बघून तो अंगणातच थांबला. "चोर आला होता काय?" तो म्हणाला. "आणि एवढ्या भोकातनं? मुंडकं घालून अडकला असंल तर दाखव मना, कोण हाय बघू." बिल्कीस चुलीपाशी होती. ती न वळता म्हणाली की हमीदभाय सांगतील. हमीद दुकानात जायला निघाला होता. त्याला वाटलं होतं, एकदा सांगून झालं की दुसऱ्यांदा सोपं जाईल. तसं काही नव्हतं. त्याने पहिल्यापासून तेच तेवढंच सांगितलं. यूसुफ डबा धरून उभा राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना, ते काही वेळ तिथेच होतं, मग गेलं. तो एवढंच बोलला, "मी सगळ्यांना सांगत फिरलो. थंडीनं गेली म्हणून. मीच तर सांगत फिरलो." आणि डबा चुलीजवळ ठेवून हात धुवायला गेला. हात धुऊन तो सरळ खोलीत गेला, हमीदकडे न बघता. आज ना उद्या तो बोलेल, किंवा नाही बोलणार. खोली सोडेल असंही होऊ शकतं. हमीदने हे सगळं हिशोबाशिवाय, नुसतंच मनात येऊ दिलं.

तो दुकानात गेला नाही. आपल्या खोलीत खाटेवर बसून त्याने मांडीवर पाट घेतला आणि पाटावर कागद. मावशीला तो दर महिन्याला तीन ओळी लिही. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा, इकडे हवा अशी अशी आहे. त्याने वर सलाम लिहिला. खाली लिहिलं, इकडे थंडी सुरू झाली आहे. मग पेन उचललं. उघड्या दारातून त्याला समोरची मोठी खोली दिसत होती. यूसुफ भिंतीकडे तोंड करून झोपला होता, आणि भिंतीवर आता ठिपका नव्हता, चांगला परातीएवढा उजेड होता, वेडावाकडा, खुंटी त्याच्यात पूर्ण बुडालेली. त्यावरून किती वाजले ते कळलं नसतं. हे पत्र मुन्शी मोठ्याने वाचणार. मावशी दारातल्या पायरीवर बसलेली असणार, शेजारच्या बायका असणार. लाली होती म्हणून ती रडत नव्हती. आता रडेल. त्याने लिहिलं: खाला, नूरीच्या गालांवर लाली होती ती कोळशाच्या धुराची. तिने एक भोक ठेवायला सांगितलं होतं. मी ते बुजवलं.

त्याच्या खाली तो आणखी काही लिहिणार होता. पण जे होतं ते एवढंच होतं. त्याने सही केली, कागदाची घडी घातली, पाकिटाला डिंक लावला. पोस्टाची पेटी बाजाराच्या टोकाला होती. फाटक उघडून तो रस्त्यावर आला आणि वीस-एक पावलं गेला. वारा अजून पडला नव्हता. त्याला थंडी वाजायला लागली. तो परत फिरला, खोलीत जाऊन पेटीतून कोट काढला, झटकून अंगात घातला, बटणं लावली, आणि पाकीट आतल्या खिशात ठेवून पुन्हा निघाला.